रोम ते फोर्ली, गाडीनं : चार मैत्रिणी, सुट्टी आणि कॅसिनोच्या शिळेवरचं एक नाव

निळाई

इटलीवर या मंचावर भरपूर धागे आहेत, पण बहुतेक रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस रेल्वेनं केलेल्यांचे. आम्ही कॉलेजच्या चार मैत्रिणी गेल्या सप्टेंबरात गाडी भाड्यानं घेऊन फिरलो. रोमहून आधी खाली कॅसिनो नावाचं गाव, मग परत वर उंब्रिया, तिथून तोस्काना, फ्लोरेन्स, आपेनाईन डोंगर ओलांडून बोलोन्या आणि शेवटी फोर्ली. नकाशावर हा मार्ग विचित्र दिसतो. फ्लोरेन्सला निघालेलं माणूस आधी १३० किलोमीटर उलट्या दिशेला जात नाही. आम्ही गेलो, कारण आमच्यातली एक रायगड जिल्ह्यातल्या माणगावची आहे.

माणगावात तहसील कचेरीसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते त्याच तालुक्यातल्या पळसगावचे. ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत कुणीच उरलं नाही हे दिसत असताना ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. बॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले, एकाला टॉमीगननं टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच ते गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

त्यांची कबर किंवा समाधी कुठेही नाही. इटलीच्या मोहिमेत ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत घाडगे आहेत. मैत्रिणीचं म्हणणं एवढंच होतं की इटलीत जातोच आहोत तर ते नाव पाहिल्याशिवाय परत यायचं नाही.

इतकी वर्षं युरोपच्या सहलींचे बेत ऐकतेय, वाचतेय. 'वॉर मेमोरियल, अर्धा तास' अशी नोंद बेतात असते, दुपारच्या जेवणाच्या आणि आउटलेट मॉलच्या मधे. मला वाटतं ते करू नये. गेलात तर दिवस द्या, नाहीतर सरळ वगळा. आम्ही कॅसिनोचा दिवस पूर्ण मोकळा ठेवला होता आणि रात्रीचा मुक्कामही गावातच.

हे स्मारक ज्या सैनिकी स्मशानभूमीत आहे ती सखल जागी आहे आणि मान वर केली की डोंगरमाथ्यावरचा बेनेडिक्टाइन मठ दिसतो. १९४४ मधली कॅसिनोची सारी लढाई त्या उंचीसाठी होती हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे उभं राहिलं की लगेच कळतं. वर बसलेल्याला खालचं प्रत्येक पाऊल दिसत होतं. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात स्थापलेला हा मठ १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी जमीनदोस्त केला. त्या वेळी आत जर्मन सैन्य नव्हतं, आसऱ्याला आलेले गावकरी होते. मठ पडल्यावर जर्मन छत्रीधारी सैनिक त्याच ढिगाऱ्यात शिरून बसले आणि लढाई आणखी तीन महिने चालली. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या लोकांनी त्या कड्यांवर काय सोसलं असेल, हे वरच्या नागमोडी घाटातून गाडी नेताना सतत डोक्यात येतं. आज दिसतो तो मठ पुन्हा बांधलेला आहे. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या हस्ते त्याचं पुन्हा पवित्रीकरण झालं.

खालच्या स्मशानभूमीत ४,२०० हून अधिक थडगी आहेत. मधे पाणी आणि हिरवट संगमरवराच्या उंच शिळा, त्यांवर रेजिमेंटनुसार नावं. मराठा लाइट इन्फन्ट्रीची शिळा सापडली तेव्हा ऊन कलतं होतं. पुढचं माणगावच्या मैत्रिणीनंच लिहावं असं मला वाटतं, ती इथे वाचते.

मार्गाचे, खर्चाचे, खाण्याचे प्रश्न खुशाल विचारा. वेळ काढून उत्तरं देईन.

रानवाटा

फार दिवसांनी असा धागा आला. माझे व्यावहारिक प्रश्न. भारतातलं लायसन्स चालतं का? उजव्या बाजूनं चालवायची सवय व्हायला किती त्रास होतो? आम्ही दोन जोडपी जाणार आहोत.

निळाई

रानवाटा, आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. आरटीओतून मिळतो, सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो, मुदत एक वर्षाची असते. गाडी देणारे क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं मागतात. अनामत रक्कम बरीच अडकते, तेव्हा कार्डाची मर्यादा आधी तपासा. गिअरची गाडी नको असेल तर आधीच सांगून ठेवा, तिकडे ऑटोमॅटिक सहज मिळत नाही आणि महागही असते. चौघांच्या चार मोठ्या बॅगा असतील तर छोट्या गाडीचा मोह टाळा.

उजव्या बाजूची सवय तासाभरात होते. वळणं आणि गोल चौक मात्र पहिले दोन दिवस शेजारच्यानं मोठ्यानं सांगत राहावं. आमच्यात शेजारी बसणारीचं कामच ते होतं, तिनं फोन हातात घ्यायचा नाही असं ठरलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, झेडटीएल. जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटी असते, कॅमेरा असतो, अडवायला कुणी नसतं. दंड काही महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येतो, वर त्यांचे कागदोपत्री पैसे वेगळे. म्हणून गाडी कायम तटबंदीबाहेर लावायची. निळ्या पट्ट्यांत पैसे भरून, पांढऱ्या पट्ट्यांत फुकट, पिवळ्या पट्ट्या राखीव. महामार्गावर शिरताना तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. पिवळ्या टेलिपास (तिकडचा फास्टॅग) पाट्यांच्या मार्गिकेत शिरू नका. महामार्गावर वेगमर्यादा १३० ची, पावसात ११० ची.

चांदणचुरा

खाणं? आमच्यात दोघी शुद्ध शाकाहारी.

निळाई

आमच्यातही एक होती. तोस्कानात रिबोलिता म्हणजे पाव, राजमा आणि काळसर पालेभाजीचं दाट सूप, आणि पान्झानेल्ला, म्हणजे पाव-टोमॅटोची कोशिंबीर. उंब्रियात तोर्ता अल तेस्तो नावाची जाड भाकरी मिळते, तव्यासारख्या तापलेल्या चकतीवर भाजतात, आत चीज आणि पालेभाजी भरून घ्यायची. तिला ती इतकी आवडली की दोन वेळा तीच जेवली. सूप मांसाच्या रश्शात केलंय का ते मात्र विचारा. रोमान्या भागातल्या पियादिना नावाच्या पोळीत परंपरेनं डुकराची चरबी घालतात, तिला स्त्रुत्तो म्हणतात. ऑलिव्ह तेलातली हवी असं स्पष्ट सांगा, बहुतेक ठिकाणी मिळते. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं, कडक पाळणाऱ्यांना हे माहीत असावं.

घाटमाथा

निळाईताई, लेखन मनापासूनचं आहे म्हणून विचारतो, राग मानू नका. हे सैनिक इंग्रजांसाठी लढले. १९४२ ला इथे चले जाव सुरू होतं, १९४३ ला बंगालमध्ये माणसं भुकेनं मरत होती, आणि साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. त्याच जिल्ह्यातली पोरं इटलीत साम्राज्यासाठी मरत होती. त्यांच्या शिळेपुढे उभं राहून आपण नेमकं काय मानायचं? मला याचं उत्तर खरंच सापडत नाही.

माणदेशी

घाटमाथा, मी उत्तर देऊ का? माझे आजोबा इटलीत होते. मराठा पलटणीत नव्हे, खेचरांच्या कंपनीत. जिथे ट्रक जात नसत तिथे रात्री खेचरांवरून दारूगोळा आणि रेशन वर न्यायचं आणि येताना जखमींना खाली आणायचं. आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस नाही, शेतीत काही नाही, भरतीवाला आला की घरातून एक जण निघायचा. आजोबांच्या तोंडी राजा-राणीचं नाव मी कधी ऐकलं नाही. १९४४ च्या हिवाळ्यातल्या चिखलाबद्दल ते बोलत, आणि एका खेचराबद्दल, जे पुलावरून खाली गेलं. त्यांचे थोरले भाऊ त्याच काळात भूमिगतांना भाकरी पोचवत होते. एकाच घरातले दोघे. दोघांनाही घरात कुणी कमी लेखलं नाही.

मला वाटतं, साम्राज्याला मान देणं आणि त्या माणसाला मान देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मी करणार नाही. दुसरं मला करावंच लागेल, कारण तो माझा आजोबा आहे.

घाटमाथा

माणदेशी, धन्यवाद. हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिलं नाही. प्रश्न अजून आहे, पण आता तो आधीसारखा सोपा वाटत नाही.

निळाई

माणदेशी, तुमचा प्रतिसाद मी गटात मोठ्यानं वाचून दाखवला.

घाटमाथा, आकडे सांगते. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे ५०,००० माणसं, त्यांतली ५,७८२ मेली. त्या मोहिमेतल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ त्यांच्याकडे गेले. सहा जणांत आपले दोघे, घाडगे आणि नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून एकेक करून सुरक्षित नेलं. मग मशीनगनचा एक मोर्चा गप्प केला. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्बनी आणखी दोन मोर्चे उडवले. शेवटी उघड्या बांधावर उभं राहून मराठा पलटणीची रणघोषणा देत बाकीच्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्सच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन वर्षांत एकाचा देश भारत आणि दुसऱ्याचा पाकिस्तान. ही माणसं कुणाची, याचा निकाल तेव्हाच्या नकाशावरून लागत नाही आणि आजच्याही लागत नाही. मी त्यांच्या नावापुरती थांबते.

पंचगंगा

कोल्हापूरकर म्हणून दोन गोष्टी जोडते. कॅसिनोला गेलात तर वर मठाजवळची पोलिश स्मशानभूमीही पाहा. १८ मे १९४४ ला मठाच्या अवशेषांत पोहोचलं ते पोलिश सैन्य, जनरल अँडर्स यांचं. हे लोक १९४० च्या सुमारास सोव्हिएतांनी सायबेरियाकडे हद्दपार केलेल्यांतले. सुटका झाल्यावर पुरुष सैन्यात गेले आणि बायका-मुलांपैकी बऱ्याच जणी आमच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत आल्या, सुमारे ५,००० लोक. म्हणजे वर डोंगरावर जे झोपलेत, त्यांतल्या काहींची माणसं तेव्हा पंचगंगेकाठी होती. मी तिथे उभी होते तेव्हा हे आठवून हात जोडले गेले.

दुसरं, फ्लोरेन्समध्ये कॅशिने बागेच्या अगदी टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, आमच्या कोल्हापूरच्या दुसऱ्या राजाराम महाराजांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लोरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. संगमावरच दहन झालं. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. शेजारच्या मोठ्या पुलालाही 'इंदियानो' म्हणूनच ओळखतात. उफिझी कलासंग्रहालयाच्या रांगेतून वाचलेला एक तास तिथे द्या.

निळाई

पंचगंगा, छत्री पाहिली! संध्याकाळी, धावायला आलेल्या लोकांच्या गर्दीत. संगमरवरी पुतळा, पागोटं, आजूबाजूला प्लेन वृक्ष. वळिवड्याचा दुवा मात्र माहीत नव्हता, तुमच्यामुळे कळला.

फ्लोरेन्सजवळ मोंतेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. युद्धात उफिझीतली चित्रं तिथे लपवली होती, चित्रकार बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' त्यांत होतं. आठव्या भारतीय डिव्हिजनच्या मराठा जवानांनी तिथे पहारा दिला. दुसऱ्या दिवशी उफिझीत त्या चित्रासमोर गर्दीत उभं असताना मला चित्रातल्या फुलांपेक्षा तो पहारा जास्त आठवत होता.

आईची_लेक

आम्ही ९ आणि १३ वर्षांच्या मुलांना घेऊन जाणार आहोत. अशा जागी मुलांना न्यावं का? नवऱ्याचं म्हणणं, सुट्टीत मुलांच्या डोक्यावर हे ओझं नको.

निळाई

कॅसिनोला जरूर न्या. हिरवळ आहे, शांतता आहे, आणि नाव शोधण्याचं काम मुलं मनापासून करतात. जायच्या आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून शिळेचा क्रमांक काढून ठेवा आणि मुलांनाच शोधू द्या.

मोंते सोलेला मात्र ९ वर्षांच्या मुलाला मी नेणार नाही. बोलोन्याच्या दक्षिणेला, मार्झाबोत्तो गावाच्या वरचा हा डोंगर. २९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर १९४४ या आठवड्यात एसएस या नाझी दलाच्या सैनिकांनी तिथल्या वाड्यावस्त्यांतली किमान ७७० माणसं मारली. २०० हून अधिक मुलं होती. कसालिया वस्तीतली माणसं चर्चमध्ये जमली होती, त्यांना बाहेर काढून दफनभूमीच्या आवारात नेलं आणि मशीनगन लावली. आता तिथे चर्चच्या भिंतींचे बुंधे आहेत, दफनभूमीची लोखंडी कुंपणं आहेत आणि जंगलातली पायवाट. तिकीट नाही, दुकान नाही. त्या तुकडीचा मेजर वाल्टर रेडर याला १९५१ मध्ये जन्मठेप झाली आणि १९८५ मध्ये सोडून दिलं. आमच्यातली एक त्या आवाराच्या फाटकापाशीच थांबली, आत आली नाही. कुणी तिला आग्रह केला नाही. मित्रमंडळींसोबत अशा जागी जाताना एवढं आधी ठरलेलं असावं, की ज्याला नको त्यानं बाहेर थांबायचं आणि नंतर त्यावर चर्चा नाही.

१३ वर्षांच्या मुलाला विचारा. त्याला यायचं असेल तर घरीच सगळं सांगून मग न्या, तिथे पोचल्यावर पहिल्यांदा सांगू नका. खाली मार्झाबोत्तोत रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नगराचे अवशेष आणि संग्रहालय आहे. धाकट्याला घेऊन एकानं तिथे थांबावं.

ओझ्याबद्दल म्हणाल, तर त्या संध्याकाळी आम्ही बोलोन्यात जेवलो. ताल्यातेल्ले (पट्ट्यांचा पास्ता) मागवले, हळूहळू बोलायला लागलो, आणि शेवटी हसलोही. जेवताना मला अपराधी वाटलं नाही. सुट्टी मोडली नाही, तिच्यात एक गोष्ट आणखी आली.

माणगावकरीण

निळाईनं मला लिहायला सांगितलंय, लिहिते.

लहानपणापासून पुतळा पाहिलाय. पुतळ्यात माणूस एकटा असतो. कॅसिनोला शिळेवर नाव सापडलं आणि पहिल्यांदा दिसलं की ते रांगेत आहेत. वर-खाली जाधव, मोरे, शिंदे, पवार. सगळी इंग्रजी अक्षरांत, पण वाचताना मराठीच. त्यांच्या तुकडीतले जे त्या सकाळी आधी पडले, त्यांतलेही काही याच शिळेवर असतील. त्यांचा पुतळा कुठल्याच तहसील कचेरीसमोर नाही. मी घाडग्यांसाठी गेले होते. तिथे गेल्यावर मला बाकीची नावं वाचावीशी वाटली. मी ती शिळा पूर्ण वाचली, मोठ्यानं. मैत्रिणींनी आळीपाळीनं मदत केली, कारण माझा आवाज जात होता.

मग आम्ही काइराच्या जर्मन स्मशानभूमीतही गेलो, तिथून काही किलोमीटरवरच. वीस हजारांहून अधिक माणसं पुरली आहेत. ज्या मशीनगनवर घाडगे धावून गेले, तिच्यावर बसलेलीही पोरंच असणार. हे तिथे कुणी सांगत नाही, आपोआप मनात येतं. त्यानं माझा घाडग्यांबद्दलचा आदर कमी झाला नाही.

मोंतोने हे गाव त्या लढाईच्या परिसरातलं, डोंगरमाथ्यावरचं, दगडी गल्ल्यांचं. तिथे २०२३ च्या जुलैत गावकऱ्यांनी आणि भारतीय दूतावासानं मिळून घाडग्यांच्या नावानं सूर्यघडी बसवली. आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत असं त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय. ज्या गावात मराठी माणूस वर्षानुवर्षं येत नसेल, त्या गावानं हे केलं. मी माणगावला गेल्यावर तिथल्या शाळेत हे सांगणार आहे, फोटोंसह. मुख्याध्यापक हो म्हणालेत.

रानवाटा

ताई, वाचून डोळे भरले. आम्ही मार्ग बदलतोय, बायकोशी बोलणं झालं. मोंतोनेहून फोर्लीला थेट जाता येईल का? आणि फोर्लीत नेमकं काय आहे?

निळाई

येईल. टायबरच्या खोऱ्यातून वर जाणारा ई-४५ रस्ता धरा. टोल नाही, पण पृष्ठभाग काही ठिकाणी खराब आहे आणि डोंगरात बोगदे-पूल सतत, तेव्हा रात्री नको. चेझेनाला उतरा, तिथून फोर्ली जवळ. फ्लोरेन्स वगळायचं नसेल तर आमच्यासारखं फिरून या.

फोर्लीत भारतीय सैन्याची स्वतंत्र स्मशानभूमी आहे. जवळपास ५०० थडगी, आणि ज्यांचं दहन झालं अशा सुमारे ८०० जणांचं वेगळं स्मारक. आड्रियाटिक किनाऱ्याकडे सांग्रो नदीजवळही असंच दहनस्मारक आहे, ५०० हून अधिक नावांचं, पण ते तुमच्या वाटेवर नाही. नामदेव जाधवांची सेनिओ नदी फोर्लीहून फार लांब नाही. लूगो-बान्याकावाल्लो भागात बांधावरून चालता येतं. नदी अरुंद आहे, बांध मात्र उंच. तिथे पाटी शोधत बसू नका, नुसतं बांधावर चढा.

चांदणचुरा

गाडी न घेता फक्त कॅसिनो जमेल का? आईला न्यायचंय, तिला घाट झेपत नाही.

निळाई

जमेल. रोम तेर्मिनीहून कॅसिनोला प्रादेशिक गाड्या जातात, दोन तासांच्या आसपास लागतात. तिकीट कागदी असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. स्मशानभूमी खाली सपाटीवर आहे, स्टेशनापासून लांब नाही, टॅक्सीही मिळते. मठ वर आहे, नऊ किलोमीटरचा वळणांचा रस्ता. आईंना नको असेल तर तो सोडा, खालूनही दिसतो. प्रवेशद्वाराशी भिंतीतल्या छोट्या कपाटात नोंदवही असते, तीत नावानुसार शिळा सापडते, आणि शेजारी अभिप्रायाची वही. मराठीत लिहा. आमच्या पानावर तरी दुसरं मराठी काही नव्हतं.